गोडी छाटणी

वसुबारसेच्या सकाळी मी कात्री घेऊन अंगणात उतरलो आणि घरात हलकल्लोळ उडाला. "अहो, ऐन सणात हिरव्या वेलीला कात्री लावता?" इति सौभाग्यवती. चिरंजीव तर वेलीला मिठी मारूनच उभे राहिले!

आता बजाजनगरात अंगण ते केवढे! त्यात ही एकुलती एक द्राक्षवेल. दौलताबादेच्या एका म्हाताऱ्या बागाईतदाराने तिची काडी मला दिली. जात पांढरी साहेबी. त्यांचा मुलगा जुने वेल उपटून बिनबियांची थॉम्पसन लावीत होता. "गिऱ्हाइकाला बी नको झालंय, मास्तर. तुमच्या दारात एक तरी जगू द्या," म्हातारा म्हणाला. पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर वेल चढवणाऱ्या पिढीतला तो माणूस.

वाचकहो, चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हा इथली द्राक्षे वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने लिहून ठेवले. त्याचे कारण आपल्या हवेत आहे. फ्रान्सात हिवाळा वेलीला झोपवतो. इथे ती बारमाही जागी. तिला विसावा द्यायचा तो माणसाने, कात्रीने. नाशिककडे वाइनसाठी लावलेल्या शिराझ, चेनिन ब्लाँ या फ्रेंच पाहुण्यांनाही हाच नियम.

एप्रिलात खरड छाटणी. मग फुटलेल्या काड्यांच्या डोळ्यांत पुढचा घड आतल्या आत तयार होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास काडीवर मोजके डोळे राखून बाकी छाटायचे. माघ-फाल्गुनात फळ हाती येते. पूर्वी दोन्ही बहर घेत. पावसाळी बहर आंबट, हा गोड. म्हणून ही गोडी छाटणी! इतकी वर्षे मराठी शिकवतो आहे, पण कात्रीला गोडी जोडणारा हा शब्द मला शेतकऱ्यानेच शिकवला.

गेल्या वर्षी माझा हात आखडला. पाने भरपूर, घड एकही नाही. म्हातारा हसून म्हणाला, "माया केली की पानंच खावी लागतात."

यंदा मात्र कापले. अंगण पानांनी भरले, वेल बोडकी झाली. चिरंजिवांच्या डोळ्यांत पाणी. मी त्याला जवळ घेऊन सांगितले, याच साहेबीचे बी रुजवून पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी नवी जात निवडली. तिला चीमा साहेबी म्हणतात. बी थुंकून टाकणाऱ्याला तेवढा गोडवा मिळतो, पेरणाऱ्याला नवी वेल मिळते.

त्याला किती पटले कोण जाणे! पण संध्याकाळी पाहतो तो वेलीच्या बुंध्याशी एक पणती तेवत होती, आणि शेजारी मातीने भरलेली एक रिकामी कुंडी.

"ही कशाला रे?"

"फाल्गुनात बी लागेल ना, बाबा!"