काडतूस न मिळणारी रायफल

या सदरात आजवर अडकित्ते झाले, समया झाल्या, चावीची घड्याळे झाली. जुन्या वस्तूंचा विषय म्हटला की दिवाळीच्या सुमारास पत्रे यायचीच. कारण साफसफाईत माळ्यावरचे एरवी न दिसणारे सामान खाली उतरते. यंदा मात्र जळगावच्या एका भगिनींनी विचारलेला प्रश्न भांड्याकुंड्यांचा नव्हता. त्यांच्या कपाटात एक रायफल आहे आणि तिच्यापायी घरातल्या दोन भावांचे बोलणे बंद झाले आहे.

हकीकत थोडक्यात अशी. सासरे होते यावलकडचे बागाईतदार. रायफल त्यांच्या वडिलांपासून घरात आलेली. परवाना सासऱ्यांच्या नावाचा, वेळच्या वेळी नवा केलेला. खंडेनवमीला तिच्यावर हळदकुंकू वाहायचे, झेंडूचे फूल ठेवायचे आणि ती पुन्हा कपाटात जायची. यंदा उन्हाळ्यात सासरे गेले. थोरले चिरंजीव जळगावात असतात; त्यांचे म्हणणे, ही ब्याद पोलिसांत देऊन मोकळे व्हावे. धाकटे धुळ्याला असतात. त्यांनी मोबाइलवर लंडनच्या लिलावातले एक चित्र पाहिले, हुबेहूब आपल्यासारखीच रायफल आणि खाली भलामोठा आकडा. तेव्हापासून धाकट्यांना वाटते की दादा लाखोंची वस्तू फुकट घालवायला निघाले, आणि थोरल्यांना वाटते की धाकट्याला वडिलांपेक्षा पैसा मोठा. सासूबाई दोघांच्या मध्ये गप्प बसून असतात. पत्राच्या शेवटी भगिनी विचारतात, "हिची खरी किंमत काय, ते तुम्हीच सांगा."

किंमत सांगण्याआधी ही वस्तू काय आहे ते पाहू. पत्रात वर्णन चांगले आहे: चापाच्या मागे खाली एक कांब, ती ओढली की नळीचे बूड उघडते, आत एकच काडतूस बसते, बार काढला की पुन्हा कांब ओढायची. अशा रायफलीला आपण एकबारी म्हणू. तिला पेटी नाही, दुसरा बार नाही. नेम चुकला तर पुढचे काडतूस खिशातून काढून घालेपर्यंत सावज रान गाठते.

खानदेशात बंदूक नवी नव्हे. १८२५ साली जेम्स औट्रमने धरणगावला भिल्लांची पलटण उभारली, तेव्हा सगळा कारभार ठासणीच्या बंदुकांचा होता. तोंडातून दारू घाला, गोळी घाला, गज मारा, मग बार काढा. याच औट्रमच्या नावावर खानदेशातल्या दीडशेहून अधिक वाघांच्या शिकारी सांगतात. आज सातपुड्याच्या त्या रानात वाघाचे ठसे दिसले तरी बातमी होते!

पुढे १८५७ झाले. १८५८ च्या एप्रिलात सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांची आणि इंग्रजांची मोठी लढाई झाली. या धामधुमीतून इंग्रजांनी एक धडा घेतला. देशी शिपायाच्या हाती जे हत्यार द्यायचे, ते गोऱ्या शिपायाच्या हत्याराच्या एक पाऊल मागचे असावे. देशी पलटणींसाठी मुद्दाम आतून गुळगुळीत नळीच्या, पेच नसलेल्या बंदुका काढल्या. पेच नसला की गोळी लांबवर नेमकी जात नाही. १८६६ साली विलायतेत बुडातून भरायची स्नायडर रायफल आली, १८७१ साली मार्टिनी-हेन्री आली. गोऱ्यांच्या हाती मार्टिनी, तेव्हा आपल्यांच्या हाती स्नायडर. गोऱ्यांना पेटीची रायफल मिळाली, तेव्हा आपल्यांना मार्टिनी. १८७८ च्या हत्यार कायद्याने तर सामान्य माणसाच्या हाती परवान्यावाचून बंदूक राहू नये, अशी व्यवस्था झाली.

ही मार्टिनी म्हणजे एकबारी रायफलींतली नामांकित. तिच्या नळीचा बोअर चारशे पन्नास, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले ४५० भाग. आपल्या मापाने साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. गोळी एकतीस ग्रॅम वजनाची, म्हणजे अडीच तोळ्यांहून थोडे अधिक शिसे. जिम कॉर्बेटने लहानपणी कुमाऊंच्या रानात जी रायफल वापरली, तीही चारशे पन्नासची मार्टिनीच.

आता बोअरची भानगड. सरकारला धास्ती अशी की, शिकारीच्या नावाने विकत घेतलेली चारशे पन्नासची काडतुसे चोरीच्या लष्करी मार्टिनींच्या पोटात जातील. म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात हा बोअर शिकाऱ्यांना बंद झाला. विलायतेतले कारागीर गप्प कसले बसतात! त्यांनी चारशे पासष्ट, चारशे सत्तर, चारशे पंच्याहत्तर असे नवे बोअर पुढे केले. पुढे लष्कराचा तीनशे तीनही असाच बंद. म्हणून आपल्याकडे तीनशे पंधराची रायफल रूढ झाली आणि सरकारी कारखान्यानेही तीच काढली. पोलिसांसाठी इच्छापूरच्या कारखान्यात तीनशे तीनच्या रायफली पोखरून चारशे दहा बोअरच्या केल्या आणि पेटीच्या जागी लाकडी ठोकळा बसवून त्यांना एकबारी करून टाकले. तात्पर्य, विचित्र बोअर हे नेहमीच कारागिराचे खूळ नसते. पुष्कळदा त्याच्यामागे सरकारची भीती असते.

भगिनींनी कळवलेला बोअर तीनशेचा आहे, आणि छाप बर्मिंगहॅमचा. या जातीला विलायतेत रूक रायफल म्हणत. रूक म्हणजे तिकडचा कावळ्याच्या कुळातला पक्षी. त्याला आणि सशाला मारण्याजोगी ही हलकी, बेताच्या आवाजाची रायफल. इकडे ती हौशी जमीनदारांनी घेतली. पुढे विलायतेत १९२० साली कायदा कडक झाला, तेव्हा तिथल्या मालकांनी अशा रायफलींचे पेच पोखरून काढले आणि त्यांच्या छर्ऱ्याच्या बंदुका केल्या. त्यामुळे मूळ नळी शाबूत असलेली रूक रायफल आज कमी सापडते, आणि जे कमी ते मोलाचे.

त्यात आणखी एक गंमत. ज्या बोअरचे काडतूस आता निघत नाही, अशा कित्येक जुन्या रायफली विलायतेत शोभेची वस्तू म्हणून परवान्यावाचून ठेवता येतात, मार्टिनी-हेन्री त्यांतलीच. अमेरिकेत १८९८ पर्यंतची बनावट असेल तर केंद्र सरकारचा कायदा तिला पुराणवस्तू मानतो. म्हणजे काडतूस न मिळणे हा तिकडे गुण ठरतो! इकडे तोच दोष. आपल्याकडे १९८० च्या दशकात परदेशी बंदुकांची आयात बंद झाली. तेव्हापासून भाव चढला तो चालू बोअरच्या, रोज काडतूस मिळेल अशा विलायती मालाचा. ज्याला परवान्यावर मोजकीच हत्यारे ठेवायची मुभा, तो मुक्या रायफलीवर एक जागा कशाला खर्च करील? २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर ही मुभा तिनावरून दोनावर आली, आणि वारसाने आलेले हत्यारही त्या दोनांतच मोजतात. भुसावळपासून हाकेच्या अंतरावर वरणगावच्या कारखान्यात १९६४ पासून काडतुसे निघतात. पण ती लष्करी मापांची, साडेपाच आणि साडेसात मिलिमीटरच्या घरातली. शेजारी धान्याचे कोठार आणि घरात उपाशी पाहुणा, अशी या रायफलीची गत आहे.

आता धाकट्या चिरंजिवांच्या चित्राकडे वळू. भगिनींनी ते सोबत पाठवले, हे बरे केले. ती रायफल आहे फार्कर्सन. जॉन फार्कर्सन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८७२ साली ती रचना नोंदवली आणि ब्रिस्टलच्या गिब्जने अशा सुमारे हजारच केल्या. तिच्यातही खाली कांब आहे, म्हणून फसगत होते. पण मार्टिनीचा आतला ठोकळा मागच्या बिजागरीवर पुढून खाली झुकतो. फार्कर्सनचा ठोकळा विहिरीत पोहरा उतरावा तसा सरळ खाली जातो. चित्र आणि वस्तू यांत इतका फरक असेल, तर आकड्याला काय अर्थ?

शिवाय दुर्मिळपणाचाही भरवसा नाही. २००३ साली काठमांडूच्या एका जुन्या वाड्यातला पन्नास हजारांच्या घरातला शस्त्रसाठा अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला. त्यात मार्टिनी ढिगांनी निघाल्या. काल जी शोधावी लागत होती, ती दुकानात मांडून मिळू लागली. त्याच ढिगात नेपाळने स्वतः घडवलेल्या गहेंद्र रायफली होत्या. त्यांच्याकडे तोवर फारसे कोणाचे लक्ष नव्हते, आता संग्राहक त्या हौसेने घेतात.

मग किंमत ठरते कशावर? कारागीर कोण, नळी मूळची का, सगळ्या भागांवरचे आकडे जुळतात का, आणि सर्वांत मोठे म्हणजे कागद. कॉर्बेटची दोनशे पंच्याहत्तर बोअरची रिग्बी रायफल २०१५ साली रिग्बी कंपनीनेच परत मिळवली. तशा रायफली पुष्कळ निघाल्या होत्या. पण चंपावतच्या नरभक्षक वाघिणीसाठी मिळालेली आणि तसा लेख कोरलेली ती एकच.

आता घरगुती सल्ला. थोरल्यांचे एक म्हणणे सोळा आणे खरे आहे. परवानाधारक गेल्यावर हत्यार घरात ठेवून चालत नाही. विनाकारण विलंब न लावता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि पावती घ्यावी. दिवाळीचा फराळ नंतर, हे आधी. मात्र जमा करणे म्हणजे देऊन टाकणे नव्हे, हे थोरल्यांनी ध्यानात घ्यावे. वारसाला जिल्हाधिकारी कचेरीत स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो, किंवा परवाना असलेल्या माणसाला वा विक्रेत्याला ती विकता येते. पण मुदतीत काहीच केले नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते. तेव्हा भावांनी अबोला धरायचा असेल तर तो मुदत पाहून धरावा! दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुनाट हत्याराला १९५९ च्या कायद्यात सवलत आहे. पण तसे आहे की नाही, हे घरात बसून ठरवू नये.

धाकट्यांना सांगणे असे की, लंडनचा भाव यावलच्या कपाटाला लागू नाही. शंभर वर्षांवरची पुराणवस्तू १९७२ च्या कायद्याने खासगी माणसाला परदेशी विकता येत नाही. इथे घेणारे मोजके, त्यांतही तीनशेच्या रूकसाठी जागा अडवणारे विरळा. लाखोंचे स्वप्न सोडून द्यावे. पण म्हणून वस्तू हलकी ठरत नाही.

भगिनींना दोन गोष्टी. दिवाळी आहे म्हणून तिला घासूनपुसून लखलखीत करू नका; जुना रंग गेला की निम्मे मोल गेले. परत मिळाली, तर पुढच्या खंडेनवमीला हळदकुंकू लोखंडावर न वाहता खालच्या पाटावर वाहा. ओले कुंकू लोखंडाला गंज आणते.

आणि दुसरी, परवान्याचे जुने पुस्तक जपा. त्यात काडतुसांच्या खरेदीची नोंद असते. शेवटची नोंद कोणत्या साली आहे, ते पाहा. त्यानंतर ही रायफल बोलली नाही. मधली सगळी वर्षे सासऱ्यांनी फी भरली, कचेरीत खेटे घातले, ते एका मुक्या वस्तूसाठी. का, ते सासूबाईंना ठाऊक असेल. त्या गप्प आहेत कारण त्यांना अजून कोणी विचारलेले नाही. भाऊबीजेला दोघे भाऊ एका घरी जमतीलच. तेव्हा एकाने विचारावे आणि दुसऱ्याने वहीत उतरवून घ्यावे.