मणक्यातील सुई आणि सहीचा कागद

कंबरदुखीने वा सायटिकाने जेरीस आलेला मनुष्य आज लेप आणि शेक यांवर थांबत नाही. पाठीच्या कण्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतो. तत्पूर्वी पुढे येणाऱ्या कागदावर तो सही करतो. या सहीला संमती म्हणावे काय, हा प्रश्न एका विरळ उपद्रवाच्या निमित्ताने विचारण्याजोगा आहे.

मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर एक अरुंद पोकळी असते. सुई तेथे पोचताच सिरिंजच्या दट्ट्याला होणारा विरोध एकाएकी मावळतो. त्या खुणेवरून डॉक्टर जागा ओळखतात. त्यासाठी सिरिंजमध्ये हवा घेतात किंवा सलाईन. हवा असताना सुईने चुकून आवरण भेदले, तर ती आतील द्रवात शिरते आणि रुग्ण बसलेला असल्यास वर चढत कवटीत पोचते. तीव्र डोकेदुखी बहुधा तत्काळ सुरू होते. द्रव गळाल्याने होणारी, अधिक परिचित डोकेदुखी साधारणतः एक-दोन दिवसांनी येते. कवटीतील ही हवा बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप शोषली जाते, हे खरे. परंतु दरम्यान दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी नायट्रस ऑक्साइडची भूल दिली गेली, तर ती फुगते. (१९१९ मध्ये वॉल्टर डँडी या अमेरिकी शल्यविशारदाने मेंदूच्या क्ष-किरण चित्रासाठी कमरेतून मुद्दामच हवा सोडण्याची रीत मांडली होती, सीटी स्कॅन येईपर्यंत रुग्ण ती यातना सोसत राहिले.)

समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीपूर्वी पुरेशी माहिती देणे डॉक्टरांचे कर्तव्य ठरविले. मात्र दूरचे वा केवळ तात्त्विक धोके सांगण्याच्या बंधनातून त्यांना मोकळे ठेवले. रुग्ण विनाकारण घाबरेल, ही त्यामागील भीती अनाठायी नाही. तरीही धोका किती विरळ, एवढेच मोजणे अर्थशास्त्राच्या अभ्यासकास अपुरे वाटते. तो सांगण्यास खर्च किती, हेही मोजले पाहिजे. वैद्यकीय सेवेत देणारा आणि घेणारा यांच्या ज्ञानात मूलतःच अंतर असते, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखविले. येथे ते अंतर मिटविण्यास अर्धे मिनिट पुरते. हवा की सलाईन, हा निर्णय सुई धरणाऱ्या हाताचाच. काहींचा हात हवेवर बसलेला असतो. पण ‘लगेच डोके दुखू लागल्यास सांगा, घरी जाऊ नका’ हे वाक्य त्या कागदावर मराठीत छापण्यास कोणाची हरकत असावी?