थडग्यांची साक्ष

एखाद्या समाजाची पारख शेजाऱ्यांच्या बोलण्यावरून करावी, कीं त्याच्या स्वतःच्या कृतीवरून? प्राचीन इटलींतील एट्रुस्कन लोकांचें उदाहरण याविषयीं बोधप्रद आहे. त्यांचें बहुतेक वाङ्मय लयास गेलें. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील ग्रीक इतिहासकार थिओपोम्पस यानें केलेली निंदा मात्र उरली. एट्रुस्कन स्त्रिया परपुरुषांच्या पंक्तीस बसतात, सबब त्या निर्लज्ज, असा त्याचा आक्षेप!

त्यांच्या थडग्यांची साक्ष निराळी आहे. चेर्वेतेरी येथें मऊ खडकांत कोरलेलीं थडगीं म्हणजे जणूं घरेंच होत. तेथें सांपडलेली, ख्रिस्तपूर्व ५२० च्या सुमाराची, भाजलेल्या मातीची एक पेटी रोम येथील व्हिला जुलिया संग्रहालयांत आहे. तिच्या झांकणावर पतिपत्नी एकाच मंचकावर भोजनप्रसंगीं रेललेलीं असून पतीचा हात पत्नीच्या खांद्यावर आहे. दोघांच्याहि मुखावर सारखेंच स्मित आहे. इतर मृत्युलेखांतून रामथा, लार्थी अशीं स्त्रियांचीं स्वतःचीं नांवें आढळतात. पित्याबरोबर मातेचेंहि नांव पुष्कळदां दिलेलें असतें.

हीं थडगीं धनिकांचीं. दासींची कथा तीं सांगत नाहींत, हें आम्हांस मान्य आहे. तथापि मरणोत्तरहि पत्नीस शेजारीं मानाची जागा देणाऱ्या लोकांस निर्लज्ज म्हणणें न्यायाचें नव्हे. ग्रीसमध्यें कुलीन स्त्रिया पुरुषांच्या मेजवानीस नसत. त्याच मापानें थिओपोम्पसानें परक्यांस मोजलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं परक्या घरची रीत निराळी दिसली, तर तिला नांवें ठेवण्यापूर्वीं त्या घरच्यांचें म्हणणें ऐकावें.