सोनेरी गुडघा : मुलामा कोणासाठी?

गेल्या महिन्यात आमच्या ओपीडीत एक मावशी आल्या. वय ६२, दोन्ही गुडघे झिजलेले, मधुमेह बारा वर्षांचा. एका खासगी रुग्णालयात गुडघा बदलायचे ठरले होते आणि ‘फिजिशियनचे फिटनेस’ घ्यायला मुलाने त्यांना माझ्याकडे आणले होते. त्याच्या हातात जाहिरातीचे कात्रण होते. म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, सोनेरी गुडघा बसवायचा म्हणतोय. साध्यापेक्षा लाखभर जास्त सांगितलेत, पण तीस वर्षं बघायला नको म्हणे. आईच्या पाटल्या गहाण ठेवतोय.’’ मावशींची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, साडेनऊ होती. त्याविषयी मात्र त्या घरात कोणी काळजीत दिसले नाही.

गेली काही वर्षे ‘गोल्डन नी’च्या जाहिराती आपण सगळेच पाहतो आहोत. म्हणून या मुलाम्यात नेमके काय आहे, ते समजून घेऊ.

या गुडघ्यात सोन्याचा अंशही नसतो. आतला धातू बहुधा नेहमीचाच, कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू असतो. त्यावर टायटॅनियम नायट्राइड किंवा त्याच्या जवळच्या संयुगाचा काही मायक्रॉन जाडीचा थर दिलेला असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वर्कशॉपमध्ये सोनेरी रंगाचे ड्रिल बिट पाहिले असतील, तर त्यांच्यावर असतो तो हाच थर. तो कठीण असतो, त्यावर ओरखडे कमी उठतात आणि आतल्या धातूचे कण शरीरात कमी मिसळतात. हे सगळे खरे आहे. पण या थराचा हाड भरून येण्याशी किंवा सांधा घट्ट बसण्याशी संबंध किती?

धातूचा पृष्ठभाग आणि हाड यांचे नाते फार खोल आहे. ते योगायोगाने कळले. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले, तर ती निघेना. हाड तिला घट्ट धरून बसले होते. या जोडणीला पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ हे नाव मिळाले आणि १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे दंतरोपण झाले. टायटॅनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. हाडाच्या पेशींची गाठ पडते ती या थराशी, आतल्या धातूशी नव्हे.

नंतरच्या दशकांत या पृष्ठभागावर बरेच काम झाले. गुळगुळीत टायटॅनियमपेक्षा किंचित खडबडीत टायटॅनियमवर हाड लवकर आणि जास्त धरते, हे दिसून आले. वाळूसारख्या कणांचा मारा करून आणि आम्लाने कोरून एक-दोन मायक्रॉनचा खडबडीतपणा आणला, की दंतरोपणात जिथे पूर्वी तीन ते सहा महिने थांबावे लागे, तिथे चांगल्या हाडात सहा-आठ आठवड्यांत दात बसवता येऊ लागला. खुब्याच्या सिमेंटविरहित सांध्यावर हाडातल्याच खनिजाचा, हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा, लेप देतात किंवा सच्छिद्र थर देतात. त्या छिद्रांत हाड शिरते आणि सांधा पक्का होतो. अट एकच, सुरुवातीच्या आठवड्यांत सांधा जागचा हलता कामा नये. दीडशे मायक्रॉनच्या वर हालचाल होत राहिली, की तिथे हाडाऐवजी तंतुमय पडदा तयार होतो. मग उत्तमातला उत्तम लेपही कामाचा नाही.

हाडाने धातूला धरावे, असे प्रत्येक वेळी वाटतही नाही. मोडलेल्या हाडाची जी प्लेट पुढे काढायची असते, ती मुद्दाम गुळगुळीत ठेवतात, नाहीतर काढताना नाकी नऊ येतात. शिवाय जो खडबडीतपणा हाडाच्या पेशींना आवडतो, तो जिवाणूंनाही आवडतो. धातूवर आधी कोण पोचते, आपली पेशी की जिवाणू, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. जिवाणूंनी एकदा चिकट थर करून ठाण मांडले, की अँटिबायोटिकची मात्रा सहसा चालत नाही. बऱ्याचदा सांधाच काढावा लागतो.

आता गुडघ्याकडे वळू. गुडघ्याचे बहुसंख्य सांधे ‘बोन सिमेंट’ने बसवले जातात. म्हणजे हाड आणि धातू यांच्यामध्ये सिमेंटचा थर असतो. हाडाचा धातूला स्पर्शच होत नसेल, तर मुलामा सोनेरी असो वा रुपेरी, हाडाला त्याचे काय? मुलाम्याचा उपयोग झालाच, तर तो सांध्याच्या सरकणाऱ्या बाजूला. तिथेही कागदावरचा फायदा रुग्णाच्या पायात अजून उतरलेला दिसत नाही. लेप दिलेले आणि न दिलेले सांधे समोरासमोर ठेवून झालेल्या चाचण्यांत वेदना, चालणे किंवा पुन्हा शस्त्रक्रियेची गरज यांत ठोस फरक आढळलेला नाही. निकेलसारख्या धातूची खरी अ‍ॅलर्जी असलेल्या मोजक्या रुग्णांत असा सांधा निवडण्यामागे विचार आहे. बाकीच्यांना तो सरसकट सुचवण्याइतका पुरावा नाही.

तीस वर्षांच्या हमीचे काय? ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड इथल्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार पूर्ण गुडघा बदललेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षांनीही शाबूत होते. त्या काळात बसवलेले हे सांधे प्रामुख्याने साधेच होते. म्हणजे साधा गुडघाही नीट बसवला तर दीर्घकाळ टिकतो. नवे ते चांगलेच, या समजाची किंमत आपण मोजलेली आहे. धातूवर धातू घासणारा खुब्याचा एक सांधा असाच गाजावाजा करत आला आणि २०१० मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. तो भारतातल्या रुग्णांतही बसवला गेला होता. स्वीडनमध्ये गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद १९७५ पासून ठेवली जाते. प्रत्येक सांध्याची अशी सक्तीची नोंद आपल्याकडे असती, तर जाहिरातीतला दावा ताडून पाहता आला असता. सरकारने आधी लक्ष घालावे ते इथे.

पैशाचा हिशेब तर आणखी बोलका आहे. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांवर कमाल दर लावले. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम वा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या विशेष सांध्याला ७६,६०० रुपये, जीएसटी वेगळा. पुढे या मर्यादेची मुदत वेळोवेळी वाढली, दरही थोडे बदलले. सोनेरी गुडघा यांपैकी कोणत्याही गटात धरला, तरी दोन दरांतला फरक बावीस हजारांच्या आतला होता. मग लाखभर जास्त कशाचे? मर्यादा सांध्याला आहे, रुग्णालयाच्या ‘पॅकेज’ला नाही. त्यामुळे बिलात सांध्याचे नाव, कंपनी, बॅच क्रमांक आणि किंमत वेगळी लिहून मागा. तसे देणे रुग्णालयांवर बंधनकारक केले गेले आहे.

सर्जनला तीन प्रश्न जरूर विचारा. सांधा सिमेंटने बसवणार का? हा लेप माझ्यासाठीच का सुचवताय? तुम्ही अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती करता? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेपापेक्षा महत्त्वाचे आहे.

आणि फिजिशियन म्हणून माझे सांगणे असे, की कंपनी धातूचा पृष्ठभाग घडवते, पण त्याला लागून असलेले शरीर आपल्यालाच तयार करावे लागते. साखर चढी असेल तर जखम रेंगाळते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तंबाखू, मशेरी, बिडी यांतले निकोटिन रक्तवाहिन्या आवळते आणि हाडाचा रक्तपुरवठा तोडते. दातातला पू, लघवीतला संसर्ग, कमी हिमोग्लोबिन हे सारे शस्त्रक्रियेआधी निस्तरायला हवे. या दुरुस्त्यांना लाखभर रुपये लागत नाहीत, पण दोन-तीन महिने धीर धरावा लागतो.

मावशींना मी फिटनेस दिले नाही. ‘‘मावशी, गुडघा बदलूच, पण आधी साखर आठच्या खाली आणा आणि मशेरी सोडा,’’ एवढेच सांगितले. मुलगा जरा नाराज झाला. परवा ते दोघे पुन्हा आले होते. साखर बरीच खाली आली आहे, मशेरीची डबी घराबाहेर गेली आहे. पुढच्या महिन्यात आमच्याच रुग्णालयात त्यांचा साधा गुडघा बसेल. पाटल्या अजून हातातच आहेत.