कोपऱ्यातलं नाव

आज एका व्हिडिओ गेमबद्दल लिहितोय. गेम म्हटलं की आपण शिक्षक लगेच नाक मुरडतो, पण जरा थांबा.

१९८० साली अमेरिकेत अटारी २६०० या घरगुती यंत्रासाठी 'ॲडव्हेंचर' नावाचा खेळ आला. किल्ले, भुलभुलैया, तीन ड्रॅगन आणि वस्तू पळवणारं एक वटवाघूळ. हरवलेला जादूचा प्याला शोधून सोनेरी किल्ल्यात आणायचा. नायक म्हणजे नुसता एक चौकोनी ठिपका! ड्रॅगन तर चक्क बदकासारखे दिसतात. ही ३० दालनं वॉरन रॉबिनेट या एकट्या माणसाने ४ केबीच्या कार्ट्रिजमध्ये (आपल्याकडे तिला 'कॅसेट' म्हणायचे) बसवली. आज मोबाइलवरचा साधा फोटोही याच्या शेकडो पट मोठा असतो.

पण खोक्यावर नाव कुणाचं? फक्त कंपनीचं. खेळ बनवणाऱ्यांची नावं छापायची नाहीत, असाच त्या वेळी अटारीचा रिवाज होता. याच रागातून चार जण १९७९ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली.

रॉबिनेटने वेगळीच युक्ती केली. काळ्या किल्ल्याच्या भुलभुलैयात, पुलाशिवाय पोचता येत नाही अशा बंद जागी, पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक बारीक ठिपका ठेवला. तो उचलून ठरावीक भिंतीपाशी आणला की गुप्त खोलीची वाट उघडते. आत काय? हा खेळ वॉरन रॉबिनेटने बनवला, एवढी एक ओळ! साहेबांना पत्ताही नव्हता. तो नोकरी सोडून गेल्यावर एका मुलाने ती खोली शोधून कंपनीला पत्र लिहिलं, तेव्हा कुठे बिंग फुटलं.

कुणी म्हणेल, ही तर लबाडी झाली, कंपनीच्या मालात न विचारता घुसवलेली ओळ. मला तसं वाटत नाही. त्याने फुकटचं काही घेतलं नाही, खरं तेच लिहिलं. चोरून लिहावं लागलं, हा दोष नाव नाकारणाऱ्यांचा.

आता आपल्या वर्गातला तक्ता बघा. खाली शाळेचं नाव असतं, मार्गदर्शक शिक्षकांचं असतं. ज्या पोरींनी दोन दिवस बसून तो रंगवला त्यांच्यासाठी काय, तर 'इयत्ता ७ वी'. हस्तलिखिताच्या मुखपृष्ठाचंही तेच. आणि एखादीने कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक सही केलीच, तर आपण ती खोडायला लावतो.