घर पाहावे आषाढ-श्रावणात

‘घर पाहावं बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. आम्हा नदीकाठच्या लोकांना त्यात थोडी भर घालावीशी वाटते. घर कोणत्या महिन्यात पाहावे, हेही कुणीतरी सांगायला हवे होते.

सांगलीच्या गावभागातून मारुती चौकाकडे उतार लागतो, त्या उतारावरच्या एका बोळात आमचे जुने घर आहे. आजोबांच्या पश्चात चार वाटे झाले आणि मुलेबाळे पुण्या-मुंबईकडे गेली. शेवटी घर विकायचे ठरले. एजंट आला, फिरून पाहिले आणि माजघरात थबकला. तिथे भिंतीवर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, मातकट रंगाची एक आडवी रेघ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने ओढलेली. तिच्याखाली मांडीएवढ्या उंचीवर दुसरी रेघ २०२१ ची. २००५ ची गुडघ्याजवळची रेघ मधल्या काळातल्या रंगाखाली गेली.

“साहेब, एक हात मारून घ्या रंगाचा,” एजंट म्हणाला, “आणि पाडव्याच्या आत गिऱ्हाईक आणतो.”

यात त्याचे काही चुकले असे म्हणता येत नाही. आपल्याकडे घरखरेदीचा हंगाम म्हणजे गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया. त्या दिवसांत कृष्णा तळाशी असते, घाटाच्या पायऱ्या शेवटपर्यंत मोकळ्या दिसतात, संध्याकाळी गार वारा सुटतो. नदीकाठच्या घराचे ते सर्वांत देखणे रूप. पण पत्रिका जुळवताना फक्त हळदीच्या दिवशीचा फोटो पाहावा, तसा हा प्रकार आहे.

आता कुणी विचारील, इतके पाणी येते तर लोक इथे राहतात कशाला? १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेपासून वेगळे होऊन सांगली संस्थान थाटले, तेव्हापासून गाव नदीला बिलगूनच वाढले. गणपती मंदिर, हरभट रोड, कापडपेठ, सराफ कट्टा हे सगळे पायी जाण्याच्या अंतरावर. म्हाताऱ्या माणसाला औषध आणायला रिक्षा लागत नाही. भिंतीला भिंत लागून घरे असल्याने शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्याही मोजता येतात. याचा जाच होतो, पण रात्री-अपरात्री हाक मारली तर चार माणसे धावून येतात. ही सोय विश्रामबागेच्या उंचावरच्या बंगल्यात नाही. गर्दीच्या पेठेत माणूस घराबरोबर शेजारही विकत घेतो, आणि त्याची किंमत चुकीची नसते.

चुकते ते दुसरेच. नदीकाठच्या घराची खरी किंमत ठरवणारा आकडा एकच असतो आणि तो कोणत्याही कागदावर नसतो. सांगलीत तो आकडा फुटांत सांगतात. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजली जाते. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. पावसाळ्यात इथे दोन माणसे भेटली की “पाणी किती फुटाला आहे?” हीच चौकशी होते. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या सखल वस्त्यांत पाणी आधी शिरते, मग एकेक चौक जातो. कितव्या फुटाला आपल्या दारात पाणी, हे प्रत्येक घराला पाठ असते. आमच्या उंबऱ्याला ५२ फुटांना लागते. २००५ मध्ये पातळी ५४ फुटांजवळ गेली, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर, २०२१ मध्ये पुन्हा ५४ च्या वर. यातून भिंतीवरच्या रेघांचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हे पाणी ओढ्याच्या लोंढ्यासारखे एका रात्रीत येऊन जात नाही. वर १०५ टीएमसीचे कोयना धरण. शहर ओलांडले की लगेच हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. तिन्ही नद्या एकदम भरल्या की खालचे पाणी वरच्या पाण्याला वाट देत नाही. उतार मंद, नदीची वळणे मोठी. त्यामुळे पाणी सावकाश चढते आणि त्याहून सावकाश उतरते. २०१९ मध्ये आठवडाभर ते घरात बसून होते. हरिपूरची हळदीची पेवे, म्हणजे जमिनीखालची ती जगावेगळी कोठारे, २००५ च्या पुरातच पुष्कळशी खराब झाली. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून वाद चालतो; तो चालूही द्या. घर घेणाऱ्याला मात्र तो वाद मिटेपर्यंत थांबता येत नाही.

तर कागद काय सांगतात? प्रॉपर्टी कार्ड मालकाचे नाव आणि क्षेत्रफळ सांगते. इंडेक्स टू व्यवहाराची रक्कम सांगतो. वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट बोजा आहे की नाही ते सांगतो. पाणी कुठवर आले होते, हे यांपैकी एकही कागद सांगत नाही. पाटबंधारे खात्याने १९८९ साली परिपत्रक काढून पूररेषांची पद्धत घालून दिली. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मध्ये अटींवर परवानगी. पण नकाशावरची रेषा खरेदीखतात उतरत नाही. ती नगररचना विभागात जाऊन आपणच पाहावी लागते. एका दालनात नकाशा आणि दुसऱ्या दालनात दस्तनोंदणी. दोघांची गाठ घालून देणे सरकारला अवघड नाही. प्रॉपर्टी कार्डावर पूररेषेची एक ओळ छापली तरी कितीतरी संसार वाचतील.

रेराचा कायदा आला, ते चांगलेच झाले. पण आठपेक्षा अधिक सदनिका नसतील, किंवा भूखंड ५०० चौरस मीटरच्या आतला असेल, तर त्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. जुना वाडा पाडून उभ्या राहणाऱ्या लहान इमारती बहुधा यातच बसतात. म्हणजे दाट पेठेतल्या गिऱ्हाइकाला हे छत्रही पुरते मिळत नाही. “फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, आपल्याला काय भीती?” असे म्हणणाऱ्यांनी खाली पार्किंगमध्ये उतरून पाहावे. विजेचे मीटर कोणत्या उंचीवर आहेत? पाण्याची मोटर, लिफ्टची यंत्रणा कुठे आहे? रस्ता कितव्या फुटाला बंद होतो? २०१९ मध्ये वरच्या मजल्यावरची माणसे भिजली नाहीत, पण वीज, पिण्याचे पाणी आणि दूध यांवाचून होडीची वाट पाहत बसली. आणि विम्याची आठवण पूर ओसरल्यावर येते. एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी मिळते, तीत पुराचे नुकसान धरलेले आहे. इमारतीचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, घरातले सामानही त्यात येते. वर्षाचा हप्ता भरताना जीवावर येते हे खरे, पण भिजलेली गादी उचलताना त्याहून जास्त येते.

आमच्या घराचे पुढे काय झाले? एजंटाने पाडव्याच्या आधी खरेच गिऱ्हाईक आणले. जत तालुक्यातले शिक्षक दांपत्य. बाईंचे बालपण टँकरच्या रांगेत गेलेले. नदीकाठी घर म्हणजे त्यांना जन्माचे पांग फिटल्यासारखे वाटत होते. रंग मी दिला नव्हता. त्यांनी रेघेकडे पाहिले आणि विचारले, “काका, हे ओल आलीय का?”

माझ्या चुलतभावाने आधीच बजावले होते, “दादा, विचारलं तरच सांग.” १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा मात्र याहून कडक आहे. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने आपणहून सांगावा, असे त्याच्या ५५ व्या कलमात आहे. पूर साध्या चौकशीत कळतो की नाही, यावर वकील दोन दिवस भांडतील. पण जतच्या माणसाला आयर्विन पुलाचे फूट कुठून माहीत असणार? मी तिन्ही पूर सांगितले, ५२ चा आकडाही सांगितला.

दोघे गप्प झाले. मग गुरुजी म्हणाले, “एक पावसाळा जाऊ द्या. आषाढात येऊन बघतो, मग बोलू.”

चुलतभाऊ अजून माझ्याशी धड बोलत नाही. त्याच्या मुलीचे लग्न आहे, पैशाची निकड आहे, त्याचा राग मला समजतो. नंतरच्या गिऱ्हाइकाला भाव उतरवूनच द्यावे लागेल, हेही दिसते आहे. पण आमच्या घराची किंमत रेघेसकटचीच होती. रंग दिला असता तर फरकाचे पैसे आमच्या खिशात आले असते आणि पाणी त्या गुरुजींच्या माजघरात.

गुरुजी आषाढात यायचे आहेत. त्यांना घर दाखवीन, आणि आधी पुलावर नेऊन पाणी कितव्या फुटाला आहे तेही दाखवीन.