बंदराची जमीन आणि तिचा खंड

मुंबई बंदराच्या मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे काय करावे, या प्रश्नाशी सिल्लोडच्या वाचकाचा काय संबंध, अशी शंका कोणी घेतली तर ती गैर म्हणता येणार नाही. आपल्याकडे ना समुद्र ना खाडी; मका, मिरची आणि कापूस हेच आपले विषय. परंतु यांपैकी कापसानेच मुंबईचा पूर्व किनारा घडवला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला लँकेशायरच्या गिरण्यांनी न भूतो असा भाव दिला. त्या पैशातून मुंबईत समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले. १८६५ साली युद्ध संपताच सट्ट्याचा फुगा फुटला. मात्र एल्फिन्स्टन कंपनीने पूर्वेकडे भराव घालून तयार केलेली जमीन मागे उरली.

पुढचा इतिहास आजच्या चर्चेत फारसा कोणी सांगत नाही. धक्के आणि किनारा एका खासगी कंपनीच्या हाती राहिला, तर साऱ्या आयात-निर्यातीवर तिची मक्तेदारी होईल, ही भीती तेव्हाच्या व्यापाऱ्यांना आणि सरकारलाही वाटली. म्हणून सरकारने ती मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ साली मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. म्हणजे ही जमीन सार्वजनिक झाली ती अपघाताने नव्हे. समाजवाद हा शब्दही ज्यांच्या कानी रुचला नसता अशा साम्राज्यवादी राज्यकर्त्यांनी, निव्वळ व्यापारी हिशेबाने ती सार्वजनिक केली.

त्यानंतर १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, पुढे व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये आज इंदिरा डॉक म्हणून ओळखली जाणारी अलेक्झांड्रा डॉक झाली. कुलाब्याचा कापूस-बाजार १९२० च्या दशकात शिवडीजवळ हलला आणि तेथील रेल्वे स्थानकाला कॉटन ग्रीन हे नाव मिळाले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्याच्या पोटातही दारूगोळ्याशेजारी कापसाच्याच गाठी होत्या. लकडी बंदर, कौला बंदर, दारूखाना ही नावे वाचली, की त्या किनाऱ्याचा जमाखर्चच समोर येतो.

१९८९ साली पलीकडच्या तीरावर न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनरची वाहतूक तिकडे गेली. मुंबई बंदर मेले, असे मात्र समजू नये. ते आजही वर्षाला सहा कोटी टनांहून अधिक माल हाताळते. पण त्यात मोठा वाटा जवाहर द्वीपावर उतरणाऱ्या खनिज तेलाचा, आणि तेलाला गोदामे व हमाल लागत नाहीत, नळ लागतात. परिणामी कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत पसरलेल्या सुमारे १८०० एकरांपैकी बरीच जमीन बंदराच्या दृष्टीने बिनकामाची ठरली. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या भरून टाकून कंटेनर टर्मिनलचा घाट घातला गेला, तोही ठरल्याप्रमाणे चालला नाही.

२०१४ साली केंद्राने राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१८ मध्ये पोर्ट ट्रस्टलाच या भागासाठी विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह जाणारी बोट २०२० पासून धावते; आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २०२५ मध्ये झाले. उद्याने, समुद्रकाठचे पदपथ, पर्यटन, कार्यालये अशा कल्पनांची यादी आकर्षक आहे आणि तीत मुळात वावगे काहीच नाही. मुंबईकराला पूर्वेचा समुद्र भिंतींआडून दिसतच नव्हता. तो दिसू लागला तर आनंदच आहे.

प्रश्न आहे तो खंडाचा. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही रिकार्डोचा सिद्धांत ठाऊक असतो: खंड हा मालकाच्या श्रमाचा मोबदला नसतो, जमिनीच्या सुपीकतेमुळे वा मोक्याच्या जागेमुळे पदरात पडणारे ते आधिक्य असते. शिवडीला समुद्रावरून न्हावा-शेव्याशी जोडणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्यावर सतरा हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. ते सार्वजनिक संस्थांनी उभे केले, आणि कर्जाची हमी शेवटी साऱ्या करदात्यांवर येते. त्यांत सिल्लोडचा कारकूनही आला. त्या पुलामुळे शिवडीच्या जमिनीचे जे मूल्य वाढले, ते कोणाच्या खिशात जावे?

याचे उत्तर मुंबईने एकदा दिलेले आहे आणि ते सुखावह नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करण्याची दिशा दाखवली. पण २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती अडवली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केली. एका शब्दाच्या अर्थाने लोकांचा वाटा आक्रसला. घरासाठी कामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे लाखाहून अधिक अर्ज आले. लॉटरीत नाव लागले त्यांपैकी कित्येकांची घरे पनवेलजवळच्या कोनला निघाली.

गिरण्यांच्या जमिनीला निदान खासगी मालक होते. येथे तर मालक सरकारच आहे, आणि म्हणूनच आडपडद्याला जागा नाही. अडचणी खऱ्या आहेत. पोर्ट प्राधिकरणाच्या डोक्यावर निवृत्तांच्या पेन्शनचा मोठा बोजा आहे, आणि जमिनीतून तो भागवावा असे व्यवस्थापनाला वाटणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. जुने भाडेपट्टे नाममात्र दरांचे आणि त्यांवर वर्षानुवर्षे दावे चालू. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने भाडेवाढीचा हक्क मान्य केला, पण सार्वजनिक संस्थेने नफेखोर घरमालकासारखे वागू नये, असेही बजावले. तोच दंडक नव्या पट्ट्यांनाही लावता येईल: जमीन विकायची नाही, पट्टा मर्यादित मुदतीचा, भाड्याची फेरआकारणी ठरावीक वर्षांनी. एकरकमी पैसा घेऊन खाते बंद करणे हा पेन्शनचा आजचा हप्ता भागवण्याचा मार्ग असेल, पण त्यात पुढील पन्नास वर्षांची मूल्यवाढ दान होते.

लंडनच्या गोद्यांचे उदाहरण हटकून दिले जाते. तेथे १९८१ साली स्थापन झालेल्या महामंडळाने स्थानिक नगरमंडळांचे नियोजनाचे अधिकार स्वतःकडे घेतले आणि बांधकाम धडाक्याने उठवले. कॅनरी व्हार्फचे विकासक १९९२ मध्ये गाळात गेले. भुयारी रेल्वेची जुबिली मार्गिका तेथे पोचली ती १९९९ मध्ये. उंच इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांतल्या नोकऱ्या जुन्या गोदी कामगारांच्या कामाच्या नव्हत्या. त्यापेक्षा जर्मनीतील हॅम्बुर्गचा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. तेथे जमीन शहराच्याच कंपनीकडे राहिली. सर्वाधिक बोली लावणाऱ्यापेक्षा चांगली योजना आणणाऱ्याला भूखंड देण्याची आणि विक्री पुरी होण्यापूर्वी आराखडा तपासून घेण्याची पद्धत त्यांनी बसवली. आपल्याकडे रेल्वेची अडचण तर मुळीच नाही. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही हार्बर मार्गाची स्थानके जमिनीच्या कडेलाच उभी आहेत.

मग तेथे आधीच राहणाऱ्या माणसांचे काय? कौला बंदर, दारूखाना येथील वस्त्यांत जहाजे तोडणारे, भंगार वाहणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जमीन केंद्राची, म्हणून राज्याच्या पुनर्वसन योजना तेथे सरळ लागू झाल्या नाहीत. पाण्याच्या नळासाठीही त्यांना मालकी कोणाची हे ऐकून घ्यावे लागले. आमच्या मराठवाड्यातून दुष्काळाच्या वर्षी मुंबई गाठणारा माणूस अशाच ठिकाणी आसरा शोधतो. अहमदाबादेत साबरमतीचा काठ देखणा झाला, पण त्यासाठी हजारो कुटुंबे शहराच्या कडेला हलवली गेली, आणि पुनर्वसनाचा हक्क त्यांना न्यायालयात जाऊन मागावा लागला.

हे सारे ठरवणार कोण, हाही विचार व्हावा. २०२१ च्या कायद्यान्वये बंदराच्या मंडळावर राज्य सरकारचा एक प्रतिनिधी असतो. महापालिकेत तर मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. तेव्हा निदान एवढे तरी व्हावे: कोणता भूखंड, कोणाला, किती मुदतीने आणि कोणत्या दराने, याची यादी करार होण्यापूर्वी मराठीतून जाहीर करावी. राज्यातील बसस्थानकांच्या मोक्याच्या जागाही दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने विकासकांना देण्याचे धोरण आहे, आणि तालुक्याच्या गावी सर्वांत मोक्याची जागा बहुधा बसस्थानकाचीच असते. तेथील करारांची यादीही त्याच रीतीने फलकावर लागायला हरकत नसावी.